सूर्यफुलाखाली

मार्नी : वर्ना, तुमच्या टॅबच्या काचेवर हे काय चिकटवलंय?

वर्ना : सूर्यफूल. 'छान वाचलंस' म्हणून मुलांना देते ना, त्यातलं. ते राहू दे. तू बाकीचे टॅब मोजून घे. एकोणीस आहेत, चार्जिंगच्या गाडीत लावून ठेवलेत. घेऊन जा आणि दुसऱ्या शाळेला दे. तिथल्या बाई तरुण असतील.

मार्नी : टॅब न्यायला नाही आले मी. मंगळवार आहे म्हणून आलेय, दर आठवड्यासारखी तुम्हाला टॅब शिकवायला. आणि गेल्या मंगळवारी तर तुम्ही म्हणालात, छान चाललंय.

वर्ना : त्याच्या आधीच्या मंगळवारीही म्हणाले. सहा मंगळवार म्हणतेय.

मार्नी : म्हणजे?

वर्ना : म्हणजे चाललेलं नाही. बस. ती खुर्ची नको, तिच्यावर ऑगस्टने गोंद सांडलाय. ही घे. मुलं टॅबवर वाचतात, बटण दाबतात, "बाई, झालं" म्हणतात, आणि माझ्याकडे काही येतच नाही. पान कोरं. पहिल्या आठवड्यात वाटलं, माझ्याच हातून पुसलं जातंय. मग म्हटलं, जाऊ दे, चित्रं काढा. ज्याला वाचायचंच असेल त्याने मुलांचे कोट टांगतो त्या खोलीत बसून वाचावं. आता वर्गभर मांजरं काढणं चालतं.

मार्नी : मला सांगायचं होतंत हो.

वर्ना : चौतीस वर्षं दुसरीच्या मुलांना सांगतेय, समजलं नाही तर हात वर करा. मला स्वतःला नाही वर करता आला. झालं समाधान?

मार्नी : मी रागवायला थोडीच आलेय.

वर्ना : तू रागवत नाहीस, तेच तर अवघड जातं. तू हसून म्हणतेस, "हे अगदी सोपं आहे, वर्ना." एकदा सोपं म्हटलं की पुढे माणसाला विचारता येत नाही. ज्याला येत नाही त्याच्यासमोर तो शब्द काढू नये, पोरी. मी वजाबाकी शिकवतानासुद्धा काढत नाही.

मार्नी : हे मला पाच शाळांत कुणी सांगितलं नाही.

वर्ना : कसं सांगतील? त्यांनाही सोपंच वाटायला हवं ना.

मार्नी : मग आज का सांगताय?

वर्ना : उद्या दहा वाजता ओपलची बैठक आहे म्हणून.

मार्नी : ओपल म्हणजे खिडकीजवळची? लाल टोपी डोक्यावरून काढत नाही ती?

वर्ना : तीच. ओपल निएमी. घरी बोलते, अगदी भांडतेसुद्धा, आई सांगते. शाळेच्या दारातून आत आली की तोंड बंद. दीड वर्ष झालं. पहिलीच्या बाईंनी तिचा आवाज ऐकला नाही, मीही नाही. उद्या सहा माणसं टेबलाभोवती बसून ठरवणार, तिला लार्च फॉल्सच्या वेगळ्या वर्गात पाठवायचं का.

मार्नी : लार्च फॉल्स? ते तर एक तासावर आहे.

वर्ना : जायला तास, यायला तास. बर्फ असलं तर विचारूच नकोस. सात वर्षांचं पोर. तिची आई रडते आणि म्हणते, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. आणि मुख्याध्यापिका म्हणतात, वर्ना, तुझ्याकडे दाखवण्यासारखं काही असेल तर घेऊन ये. माझ्याकडे काय आहे? मांजरं आहेत. तिची मांजरं चांगली असतात, मिशांसकट.

मार्नी : वर्ना, मी ते सूर्यफूल काढू?

वर्ना : कशाला? खाली नुसता लाल ठिपका आहे. त्यात आकडा, तो आपला वाढत जातो. मुलं माझ्या शेजारी वाचायला बसली की पुस्तक सोडून त्याच्याकडे बघत बसायची. माझ्या वर्गात असलं लक्ष खेचणारं काही असलं की मी झाकते. माशांच्या टाकीचा दिवासुद्धा झाकलाय.

मार्नी : आकडा कसला वाटला तुम्हाला?

वर्ना : बॅटरीचा.

मार्नी : हे बघा, निघालं फूल. दोनशे बारा?

वर्ना : मला वाटलं, चांगली बॅटरी आहे.

मार्नी : अहो, ही दोनशे बारा वाचनं आहेत. तुमच्या मुलांची. सगळी इथे रांगेत उभी आहेत. आठवतंय, जानेवारीत तुम्ही विचारलं होतंत, मुलांच्या चुका घरी आईबापांना दिसतील का?

वर्ना : विचारलं होतं. आधी मी ऐकणार, मगच पुढे जाईल, असं म्हणालीस तू. मी तिथे खूण केली.

मार्नी : त्या खुणेमुळे प्रत्येक वाचन आधी तुमच्या दाराशी थांबतं. तुम्ही हो म्हटलंत की मग पानावर येतं. आणि दार म्हणजे हा ठिपका. तो मी तुम्हाला दाखवायला हवा होता. दाखवला नाही. सोपं आहे म्हटलं आणि निघाले, कारण चारला पुढच्या शाळेत पोचायचं होतं.

वर्ना : आणि मी त्या दारावर फूल चिकटवलं.

मार्नी : दोघींनी मिळून केलं म्हणा.

वर्ना : दोनशे बारा. कुणाकुणाची आहेत?

मार्नी : ऑगस्ट ओल्सन, बावीस. ऐकू?

वर्ना : ऐक.

मार्नी : ढेकर आहेत.

वर्ना : बावीसच्या बावीस?

मार्नी : एकात पाद आहे असं वाटतंय. पुढे मेसन लिंडग्रेन, नऊ. ही मुलगी मॅटसन, चौदा, छान वाचते. आणि... वर्ना, चष्मा लावा.

वर्ना : तोच शोधतेय.

मार्नी : डोक्यावर आहे. हे वाचा.

वर्ना : निएमी, ओपल. एकतीस. नाही, तिने चुकून दाबलं असेल. नुसतं बटण.

मार्नी : पहिलं लावते. सव्वीस जानेवारी.

ओपलचा आवाज : बेडूक... तळ्याच्या... काठावर बसला. त्याला वाटलं... पाणी थंड आहे. बाई, हे तुम्हीच ऐकणार ना? दुसरं कुणी नाही ना?

मार्नी : वर्ना?

वर्ना : थांबव. जरा थांबव ते.

मार्नी : पाणी आणू?

वर्ना : काही आणू नकोस. घोगरा आहे. मला वाटायचं पातळ असेल, चिमणीसारखा. कसा घोगरा आहे, ऐकलास? मागे ते खर्र खर्र काय वाजतं?

मार्नी : कोटाची चेन असेल. कोटांच्या खोलीत बसलीये.

वर्ना : कोटांच्या आत बसलीये ती. ऑगस्टचा तो मोठा निळा कोट आहे ना, त्याच्या मागे. मला माहीत होतं ती तिथे बसते. मला वाटायचं, लपते. पुढचं लाव.

ओपलचा आवाज : बाई, मी आज ठरवलंय. उद्या जेवणाच्या हजेरीला माझं नाव घ्या. उद्या बुधवार आहे, हॉटडिश आहे, वर बटाट्याचे गोळे असतात ते. मी 'गरम' म्हणेन. पण टाळ्या वाजवू नका. मेसनचा दात पडला तेव्हा सगळ्यांनी वाजवल्या. तसं नको.

मार्नी : जेवणाची हजेरी म्हणजे?

वर्ना : तू पाच वर्गांत हिंडतेस आणि हे ठाऊक नाही? सकाळी नाव घेतलं की प्रत्येकाने सांगायचं, शाळेचं गरम जेवण की घरचा डबा. मी आकडा स्वयंपाकघरात पाठवते. सप्टेंबरात ओपलचं नाव घेतलं की सगळी पोरं वळून बघायची. बोलेल का, बोलेल का. ती खाली वाकून बुटांची नाडी सोडायची आणि परत बांधायची. मला बघवेना. मी फळ्यावर तिच्यासाठी एक चुंबक लावला, आल्यावर तो सरकवते, गरम नाहीतर डबा. आणि नाव घेणं सोडून दिलं.

मार्नी : तिला त्रास नको म्हणून.

वर्ना : चांगुलपणा म्हणून. पुढचं लाव.

ओपलचा आवाज : बाई, तुम्ही मॅटसन म्हणालात आणि एकदम ओल्सन म्हणालात. मी तयार होते. शब्द तोंडात आणून ठेवला होता.

मार्नी : मी बंद करते, वर्ना.

वर्ना : हात लावू नकोस. तिने एकतीस वेळा सांगितलंय, मी एकतीस वेळा ऐकणार. मधे शाळेचे दिवस किती झाले?

मार्नी : तीस. एके दिवशी दोनदा.

वर्ना : एके दिवशी दोनदा.

ओपलचा आवाज : बाई, कदाचित तुम्हाला ऐकू आलं नसेल. मी हळू बोलले होते. आता मोठ्याने बोलते. माझं नाव घ्या. निएमी.

वर्ना : पहिल्या वर्षी माझ्या वर्गात कॅसेटचा रेकॉर्डर होता. विटेएवढा, काळा. टेबलावर घोंगडी टाकून मी खाली तंबू केला होता, आत एक उशी आणि तो रेकॉर्डर. लोर्ना म्हणून एक मुलगी होती, बोलताना अडखळायची. त्या घोंगडीखाली अडखळायची नाही. मी रोज कॅसेट घरी न्यायचे. रात्रीची भांडी होईपर्यंत आम्ही दोघं ऐकायचो. माझा नवरा आर्विड बटाटे सोलता सोलता म्हणायचा, "ही लोर्ना आज दोन ओळी जास्त वाचली." त्याने कधी तिला पाहिलंही नव्हतं. मुलांना आवाजाने ओळखायचा तो.

मार्नी : तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. मी तर पहिल्या दिवशी तुम्हाला आवाज म्हणजे काय तेच समजावत होते.

वर्ना : तू विचारलं नाहीस. यंत्रं सगळी आर्विडकडे होती. फीत अडकली की पेन्सिल घालून फिरवायचा, बॅटऱ्या बदलायचा. मी फक्त ऐकायचे. तो गेल्याला तीन वर्षं झाली, घरातल्या ओव्हनचं घड्याळ अजून एक तास मागे आहे, मला लावता येत नाही. असो. पुढे.

ओपलचा आवाज : बाई, तुम्ही रागावलात का? मी पोस्टर फाडलं म्हणून? ते मी नव्हतं फाडलं. ते ऑगस्टने. पण सांगू नका.

ओपलचा आवाज : बाई, आज नाव नाही घेतलं तरी चालेल. आज घसा दुखतोय.

ओपलचा आवाज : बेडूक घरी गेला. संपलं पुस्तक. आता कुठलं घेऊ?

मार्नी : सगळी तुमच्याशीच बोललीये. घरच्यासारखी. शेवटचं कालचं आहे.

वर्ना : लाव.

ओपलचा आवाज : बाई, आई म्हणाली मला दुसऱ्या शाळेत जावं लागेल कदाचित. तिथे कोटांची खोली आहे का?

मार्नी : वर्ना... वर्ना, इकडे बघा. हे सोनं आहे. उद्या दहा वाजता हा टॅब त्या टेबलावर ठेवायचा आणि बटण दाबायचं. दोन मिनिटांत लार्च फॉल्सचं नाव कुणी काढणार नाही. मी येते तुमच्याबरोबर. बुधवारी मी दुसऱ्या शाळेत असते, त्यांना फोन करते.

वर्ना : नाही लावायचं.

मार्नी : का?

वर्ना : पहिल्याच दिवशी तिने काय विचारलं? हे तुम्हीच ऐकणार ना. तू ऐकलंस, तेच जास्त झालं.

मार्नी : तिला तासभर बसमध्ये घालतील, आणि तुम्ही शब्द पाळत बसणार?

वर्ना : मी शब्द दिलेलाच नाही, मार्नी. तिने विचारलं आणि तीस दिवस मी उत्तर दिलेलं नाही. आता पहिलंच उत्तर काय देऊ, सहा माणसांना तुझा आवाज ऐकवला? उद्यापासून कोटांमागे काय उरेल तिला?

मार्नी : मग बैठकीत काय सांगणार?

वर्ना : ते ती ठरवेल. आधी तिला विचारते. मला त्यात बोलता येतं ना? उलट तिच्याकडे?

मार्नी : येतं. तिच्या नावावर बोट ठेवायचं, मग हा माइक. सकाळी ती टॅब उघडेल तेव्हा तिला घंटी दिसेल. हे अग... हे जमेल तुम्हाला.

वर्ना : म्हणणार होतीस.

मार्नी : गिळलं ना पण.

वर्ना : कुठे बोलू? इथेच? बरं. ओपल, मी श्रीमती लाहती बोलतेय. तुझी सर्व वाचने मला आज मिळाली असून त्याबद्दल मी...

मार्नी : वर्ना, ही नोटीस झाली.

वर्ना : हो ना? मोकळ्या वर्गात माझा आवाज असाच होतो. टॅब दे. मी कोटांच्या खोलीत जाते.

मार्नी : तिथे अंधार आहे.

वर्ना : असू दे. ऑगस्टचा कोट राहिलाय वाटतं इथेच, घरी काय घालून गेला पोरगा? दार लोटून घे. ऐकू आलं तरी ऐकू नकोस.

मार्नी : मी खुर्चीवरचा गोंद खरवडते.

वर्ना : ओपल, मी लाहती बाई. मी आत्ता कोटांमागे बसलेय, तुझ्या जागेवर. गुडघे दुखतात इथे. तुझं सगळं मी आज ऐकलं. आधी का नाही ऐकलं, तर मी त्या ठिपक्यावर सूर्यफूल चिकटवलं होतं आणि मला कळलंच नाही की तू त्याच्याखाली आहेस. तू हळू बोलली नव्हतीस. रागावलेली तर मुळीच नव्हते. चूक माझी आहे. उद्या मॅटसननंतर मी तुझं नाव घेईन. बोललीस तर लिहून घेईन. नाही बोललीस तर चुंबक बघून लिहून घेईन, पण नाव घेणार. टाळ्या नाहीत. आता दुसरं. उद्या दहा वाजता काही मोठी माणसं आणि तुझी आई बसणार आहेत. तुझं बोलणं त्यांना ऐकवू का? नको असेल तर नको. माझ्याबरोबर मार्नीबाईंनी ऐकलंय, ते तुला न विचारता झालं. आणि त्या शाळेत कोटांची खोली आहे का, मला माहीत नाही. मी विचारीन. पुढचं पुस्तक अस्वलाचं घे, निळ्या टोपलीत आहे. मार्नी, थांबवायचं कुठे?

मार्नी : तोच चौकोन परत दाबा. ते "मार्नी, थांबवायचं कुठे" पण गेलं त्यात.

वर्ना : जाऊ दे. तिला कळू दे, मलाही विचारावं लागतं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरताना. तोच वर्ग, मुलं बूट काढताहेत.)

वर्ना : ऑगस्ट, बूट चटईवर, चटईच्या शेजारी नाही. आणि तुझा कोट इथेच होता, काल काय घालून गेलास? भावाचा? बरं. मार्नी, तू मागे बस आणि काहीतरी दुरुस्त करत असल्यासारखी दिस.

मार्नी : काय दुरुस्त करू?

वर्ना : काहीही. चार्जिंगची वायर घे हातात. ती आत गेलीये टॅब घेऊन. दहा मिनिटं झाली. मी तिकडे बघत नाही, तूही बघू नकोस.

मार्नी : वर्ना, तुमच्या टॅबवर ठिपका.

वर्ना : दिसतोय. हात मागे घे, मी दाबते. आवाज बारीक कसा करतात? हे. हो. कानाला लावते.

मार्नी : काय म्हणते?

वर्ना : तुला सांगायला परवानगी आहे, तिने तुझं नावही घेतलंय. म्हणते, "मार्नीबाईंचं चालेल. आईला ऐकवा. बाकीच्यांना तुम्हीच सांगा, तुमच्या आवाजात. आणि गुडघे दुखतात तर उशी आणा."

मार्नी : मग बैठकीत?

वर्ना : आईला पावणेदहाला बोलावते, कोटांच्या खोलीत, फक्त ती आणि मी. नंतर टेबलावर मी सांगेन की या मुलीने तीस दिवसांत अख्खं पुस्तक वाचलं, आणि जी गोष्ट बिघडलेली होती ती तिच्यात नव्हती. चौतीस वर्षांत मी त्या टेबलावर खोटं बोललेली नाही, हे त्यांना ठाऊक आहे. सूर्यफुलाचंही सांगणार.

मार्नी : तेही?

वर्ना : हात वर करायचा तर पुरता करायचा. चल, पावणेनऊ झाले, स्वयंपाकघरातून फोन येईल. मुलांनो, आपापल्या जागेवर. जेवणाची हजेरी. आज बुधवार, काय आहे ते नाकाने ओळखा. बर्गस्ट्रॉम? गरम. डाल? डबा. हॅले? गरम, हो, दूध पांढरं. लिंडग्रेन? मेसन, दाताला जीभ लावणं थांबव आणि सांग. गरम. मॅटसन? डबा.

वर्ना : निएमी?

वर्ना : ऑगस्ट, पुढे बघ. मला नाव घ्यायचं होतं, मी घेतलं. आपल्याला घाई नाही. फोन वाजतोय तो वाजू दे, मार्नीबाई, उचलू नका. बटाट्याचे गोळे कुठे पळून जात नाहीत.

वर्ना : ओपल निएमी?

ओपल : गरम.

वर्ना : गरम, एक. ओल्सन?